पॅकेट नेमकं कुठे अडलं? कंटेनर, आभासी स्विच आणि बिघाडाचा शोध

(ओवे, पनवेल येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तेवढा तसाच ठेवला आहे. संगणकाच्या आज्ञा वक्त्याच्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत.)



रविवारची सकाळ असूनही इतके जण आलात, याबद्दल आधी आभार. काहीजण पेंधरपर्यंत मेट्रोने आलेत, काही खारघरहून चालत आले आहेत. विषयाचं नाव जरा अवघड वाटतं, पण घाबरू नका. ज्यांनी कंटेनर कधी चालवला नाही त्यांनाही शेवटपर्यंत सोबत घेऊन जायचा माझा प्रयत्न राहील. आणि जे रोज हेच काम करतात, त्यांना मी केलेली एक चूक सांगणार आहे. ती ऐकून तुमचे दोन तास वाचले तरी पुरे.

हा विषय ओव्यात कशाला, असं कुणी विचारेल. जरा आजूबाजूला बघा. खारघर स्टेशनसमोर सी-डॅकचं केंद्र आहे. ती मूळची एनसीएसटी, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र. ऐंशीच्या दशकात एर्नेटच्या माध्यमातून भारतात इंटरनेटची पायाभरणी झाली, त्यात या संस्थेचा मोठा वाटा होता. २००३ मध्ये ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. दुसऱ्या बाजूला पनवेलमध्ये योट्टाचं एनएम-१ हे डेटा सेंटर २०२० मध्ये सुरू झालं. हजारो रॅक बसतील एवढी ती इमारत आहे. म्हणजे आपल्या गावाच्या दोन्ही अंगांना हेच काम चालतं. आपली पोरं तिथे रात्रपाळीला जातात. तेव्हा विषय आपल्या दारातलाच आहे.

त्या रात्रीचा फोन

सुरुवात एका प्रसंगाने करतो. नवी मुंबईत रक्त-लघवी तपासणारी एक लहान प्रयोगशाळा आहे. नाव घेत नाही. तिथली अहवालांची यंत्रणा मी अधूनमधून बघतो. दोन सर्व्हर आहेत, त्यांना आपण अ आणि ब म्हणू. अ वर अहवाल दाखवणारा कंटेनर, ब वर अहवालांच्या फाइली ठेवणारा कंटेनर. डॉक्टर आपल्या मोबाइलवरून लॉगिन करतात, अ ला विचारतात, अ पुढे ब ला विचारतो, आणि पीडीएफ उघडते. साधं काम.

पावसाळ्यातली संध्याकाळ होती. वीज गेली, यूपीएसने दम सोडला, दोन्ही सर्व्हर बंद पडले. तासाभराने वीज आली. तिथे एक तरुण मुलगा कामाला आहे, नोकरीला लागून जेमतेम सहा महिने झालेले. त्याने सगळं पुन्हा सुरू केलं. रात्री अकराला मला फोन आला तो मालकांचा. "सर, सर्व्हर चालत नाही. या पोराने काहीतरी केलंय. डायलिसिसच्या एका पेशंटचा पोटॅशियमचा रिपोर्ट अडकलाय, डॉक्टर तीनदा फोन करून गेले."

पोटॅशियम किती महत्त्वाचं असतं ते ज्यांच्या घरात मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांना सांगायला नको. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. तो अहवाल उद्या सकाळी मिळून चालत नाही.

पुढे काय झालं ते सांगतो, पण त्याआधी यंत्रणा समजून घेऊ. नाहीतर नेमकं घोडं कुठे पेंड खात होतं ते कळणार नाही.

कंटेनरची खोली आणि दोन टोकांची तार

कंटेनर म्हणजे वेगळा संगणक नव्हे. एकाच लिनक्सवर चालणारा, पण बाकीच्यांपासून अलग ठेवलेला प्रोग्राम. त्याला नेटवर्कसाठी स्वतःची एक वेगळी खोली दिलेली असते. तिला नेटवर्क नेमस्पेस म्हणतात. या खोलीत स्वतःचं नेटवर्क कार्ड, स्वतःचा आयपी पत्ता, स्वतःचा रूटचा तक्ता. बाहेरचं काही दिसत नाही.

मग बाहेर बोलायचं कसं? लहानपणी आपण काडेपेटीचा फोन करायचो. दोन काडेपेट्या, मध्ये दोरा. इथे तसंच आहे. लिनक्स दोन आभासी कार्डं जोडीने तयार करतं, त्यांना व्हीईथ जोडी म्हणतात. एका टोकात टाकलं की दुसऱ्या टोकातून बाहेर येतं. एक टोक कंटेनरच्या खोलीत, दुसरं बाहेर सर्व्हरवर. एक टोक नष्ट झालं की दुसरंही जातं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाहेरचं टोक नुसतं लोंबकळत ठेवून उपयोग नाही. ते कशाला तरी जोडावं लागतं. तिथे येतो आभासी स्विच. कार्यालयात भिंतीवर जो स्विच असतो, ज्यात आपण केबल खुपसतो, त्याचंच काम सॉफ्टवेअरमध्ये करणारा. यातला सर्वात नावाजलेला म्हणजे ओपन व्हीस्विच.

तो अमेरिकेतल्या निसिरा कंपनीत जन्माला आला. मार्च २०१२ मध्ये आलेल्या लिनक्स ३.३ मध्ये त्याचा कर्नेलमधला भाग सामावला गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये व्हीएमवेअरने निसिरा सव्वा अब्ज डॉलरहून अधिक देऊन विकत घेतली. २०१६ मध्ये हा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनकडे आला. आणि एक गोष्ट आवर्जून सांगतो. लिनक्स कर्नेलची देखभाल कोण करतं याची एक यादी असते, त्यात ओपन व्हीस्विचसमोर कित्येक वर्षं प्रवीण शेलार हे नाव होतं. २०१५ मध्ये या स्विचच्या रचनेवर जो गाजलेला शोधनिबंध आला त्याच्या लेखकांतही ते नाव आहे. इथे बसलेल्या विद्यार्थ्यांनी ती यादी उघडून बघावी. एवढ्या मोठ्या यंत्रणेची देखभाल शेवटी तुमच्याआमच्यासारखी नावं असलेली माणसंच करतात.

स्विचच्या पोटात काय आहे

ओपन व्हीस्विचचे तीन भाग ध्यानात घ्या.

पहिला, नोंदवही. कुठला ब्रिज आहे, त्याला कोणती पोर्टं जोडली आहेत, हे एका छोट्या डेटाबेसमध्ये लिहिलेलं असतं. ही वही डिस्कवर असते. वीज गेली तरी पुसली जात नाही.

दुसरा, कारभारी. हा एक सतत चालणारा प्रोग्राम आहे. नियम वाचतो आणि कोणतं पॅकेट कुठे जाईल हे ठरवतो.

तिसरा, कर्नेलमधला हमाल. तो वेगाने माल उचलतो. अनोळखी प्रकारचं पहिलं पॅकेट आलं की तो कारभाऱ्याला विचारतो, "याचं काय करू?" कारभारी उत्तर देतो, हमाल ते लक्षात ठेवतो आणि पुढची तशी पॅकेटं न विचारता पाठवतो. काही सेकंद तसं पॅकेट आलं नाही की विसरून जातो.

आता दोन सर्व्हरवरचे दोन स्विच एकमेकांना कसे जोडायचे? बोगदा काढून. व्हीएक्सलॅन नावाची पद्धत आहे, २०१४ मध्ये तिचं अधिकृत वर्णन प्रसिद्ध झालं. कंटेनरचं पूर्ण पॅकेट एका नव्या लिफाफ्यात घालायचं, त्यावर दुसऱ्या सर्व्हरचा पत्ता लिहायचा, आणि नेहमीच्या नेटवर्कवरून यूडीपीच्या ४७८९ क्रमांकाच्या पोर्टवर पाठवायचं. पलीकडे लिफाफा फाडून आतलं पॅकेट बाहेर काढायचं.

पण लिफाफ्यालाही वजन असतं. बाहेरचा आयपी २० बाइट, यूडीपी ८, व्हीएक्सलॅन ८, आणि आतल्या पॅकेटचा इथरनेटचा मथळा १४. एकूण ५०. साध्या नेटवर्कवर एका वेळी १५०० बाइटचं पॅकेट जातं. त्यातून लिफाफ्याचे ५० गेले की कंटेनरला उरतात १४५०. ही मर्यादा म्हणजे एमटीयू. हा आकडाही लक्षात ठेवा.

मी काय चुकलो

आता त्या रात्रीकडे परत येऊ.

मी घरी होतो. लॅपटॉप उघडला, दूरून सर्व्हर ब मध्ये शिरलो. मालकांनी सांगितलं होतं "सर्व्हर चालत नाही", मी ते तसंच खरं धरलं. नेमकं काय चालत नाही, हे त्या मुलाला विचारलंच नाही. ही पहिली चूक.

मग मी टीसीपीडम्प चालवलं. जाणारी-येणारी पॅकेटं दाखवणारं हे साधन तुम्हाला माहीत असेल. ते मी लावलं ब्रिजवर, बीआर-झीरो नावाच्या कार्डावर. अधूनमधून एआरपीची एखादी हाक दिसे, "अमुक पत्ता कुणाचा?" बाकी सगळं शांत. फाइलींची काहीही वाहतूक नाही.

मी निष्कर्ष काढला की अ कडून ब कडे काही पोचतच नाही, बोगदा तुटलाय. मग त्या मुलाला कामाला लावलं. केबल काढ, परत लाव. भिंतीवरच्या स्विचचं पोर्ट बदल. दुसरी केबल आण. तो मध्ये एकदा म्हणाला, "सर, पण पिंग होतंय." मी म्हटलं, "आधी मी सांगतो ते कर." दीड तास गेला. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

चूक काय होती? ओपन व्हीस्विचमध्ये ब्रिजच्या नावाचं जे कार्ड दिसतं, ते पूर्ण स्विच नव्हे. ते स्विचचं फक्त एक पोर्ट आहे, खुद्द सर्व्हरसाठीचं. एका कंटेनरकडून बोगद्यात जाणारं पॅकेट त्या पोर्टाकडे जातच नाही, मग तिथे दिसणार कसं? एआरपीची हाक सर्वांना उद्देशून असते म्हणून ती तिथेही पोचते. उत्तर एकट्यालाच असतं म्हणून ते दिसत नाही. सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनमध्ये बसून तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी एकमेकांशी बोलतात की नाही हे ठरवण्यासारखं आहे ते. जिन्यात कुणी ओरडलं तर ऐकू येईल, दारातल्या गप्पा नाही येणार.

म्हणून टीसीपीडम्प लावायचं ते कंटेनरच्या व्हीईथच्या बाहेरच्या टोकावर. किंवा ओपन व्हीस्विचसोबत ओव्हीएस-टीसीपीडम्प नावाचं साधन येतं, ते पोर्टाची नक्कल काढून दाखवतं.

क्रमाने शोधायची पद्धत

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो. आतून बाहेर जायचं, आणि प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा: पॅकेट इथपर्यंत आलं का?

टप्पा पहिला: कंटेनरची खोली. कंटेनरचा प्रोसेस क्रमांक काढा आणि एनएसएंटर या आज्ञेने त्याच्या नेटवर्कच्या खोलीत जा. डॉकरच्या खोल्या आयपी-नेटएनएसच्या यादीत सहसा दिसत नाहीत. त्यामुळे "यादी रिकामी आहे, म्हणजे नेमस्पेसच नाही" असं समजू नका. आत गेल्यावर चार गोष्टी बघा: कार्ड आहे का, ते चालू आहे का, पत्ता आणि मास्क बरोबर आहे का, रूट आहे का. नुसतं लूपबॅक दिसत असेल तर तारच जोडलेली नाही.

टप्पा दुसरा: नोंदवही. ओव्हीएस-व्हीएससीटीएल शो. ब्रिज, पोर्टं, व्हीलॅनचे टॅग, सगळं इथे दिसतं. एखाद्या पोर्टासमोर "असं उपकरण उघडता येत नाही" अशी तक्रार दिसली तर समजा नोंद आहे पण तार नाही. का? कंटेनर पुन्हा सुरू झाला, जुनी खोली मोडली, तिच्यासोबत व्हीईथची जोडी गेली. वही मात्र डिस्कवर होती, तिच्यात जुनं नाव तसंच राहिलं. भाडेकरू गेला, पाटी राहिली. उपाय: जुनं पोर्ट काढायचं, नवं जोडायचं. दोन पोर्टांचे टॅग वेगळे असतील तर ती एकाच स्विचवर असूनही एकमेकांना दिसणार नाहीत, तेही इथेच तपासा.

टप्पा तिसरा: नियम. ओव्हीएस-ओएफसीटीएल डम्प-फ्लोज. साध्या मांडणीत एकच नियम असतो, "नॉर्मल", म्हणजे नेहमीच्या स्विचसारखं वाग. प्रत्येक नियमासमोर किती पॅकेटं गेली त्याचा आकडा असतो. पिंग चालू ठेवा आणि आज्ञा दोनदा चालवा. आकडा वाढतोय का बघा. नियम एकही नसेल तर पॅकेट टाकून दिलं जातं. ब्रिजचा फेल-मोड "सिक्युअर" ठेवलाय आणि नियम देणारा कंट्रोलर बंद आहे, अशा वेळी हे हमखास होतं.

टप्पा चौथा: स्विचची ओळख. ओव्हीएस-ॲपसीटीएल एफडीबी-शो. कोणता मॅक पत्ता कोणत्या पोर्टाकडे, हे स्विचने शिकलेलं इथे दिसतं. पलीकडच्या कंटेनरचा मॅक बोगद्याच्या पोर्टासमोर दिसला, तर तिकडून निदान एक तरी पॅकेट आलंय याचा तो पुरावा. ही ओळख पाच मिनिटं शांतता राहिली की पुसली जाते, म्हणून आधी पिंग करा, मग बघा.

टप्पा पाचवा: कारभाऱ्यालाच विचारा. ऑफप्रोटो-ट्रेस नावाची सोय आहे. "या पोर्टावरून, या मॅकचं, या मॅककडे जाणारं पॅकेट आलं तर काय करशील?" असं विचारलं की तो पायरी-पायरीने उत्तर देतो. खरं पॅकेट पाठवावं लागत नाही. ही सोय फार कमी जण वापरतात.

टप्पा सहावा: बोगदा. दोन्ही सर्व्हर एकमेकांना पोचतात का, मधल्या फायरवॉलमध्ये यूडीपी ४७८९ मोकळं आहे का, आणि खऱ्या कार्डावर टीसीपीडम्प लावल्यावर लिफाफे जाताना-येताना दिसतात का.

टप्पा सातवा, आणि हा सगळे विसरतात: मोठं पॅकेट. साधं पिंग फक्त ८४ बाइटचं असतं. ते गेलं म्हणजे रस्ता मोकळा आहे असं नाही. सायकल जाते म्हणून ट्रक जाईल असं नसतं. पिंगला सांगायचं की तुकडे करू नकोस आणि आत १४७२ बाइट भर. मथळ्यांचे २८ धरून ते १५०० होतं. ते अडलं आणि १४२२ भरल्यावर, म्हणजे एकूण १४५० ला गेलं, तर रोग सापडला.

मग त्या रात्री काय निघालं

साडेबारा वाजले असतील. मी दमलो होतो. शेवटी त्या मुलाला विचारलं, "तू नक्की काय-काय केलंस ते पहिल्यापासून सांग." त्याने सांगितलं. वीज आल्यावर कंटेनर उठले पण पत्तेच नव्हते. त्याने शो चालवून बघितलं, दोन्ही सर्व्हरवर जुन्या पोर्टांची तक्रार दिसली. ती काढून टाकली, ओव्हीएस-डॉकरने नवी पोर्टं जोडली. पिंग झालं. लॉगिन झालं. अहवालांची यादी दिसली. फक्त पीडीएफ उघडेना, चक्र फिरत राही.

म्हणजे सहा महिन्यांच्या मुलाने दुसऱ्या टप्प्याचं निदान अचूक केलं होतं. आणि मी त्याला केबली काढायला लावत होतो.

यादी दिसते आणि पीडीएफ उघडत नाही. लहान उत्तर येतं, मोठं येत नाही. हे ऐकताच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सातवा टप्पा. १४७२ चं पिंग गेलं नाही, १४२२ चं गेलं. ब च्या व्हीईथवर टीसीपीडम्प लावलं तर तोच मोठा तुकडा पुन्हा पुन्हा निघताना दिसला. अ च्या व्हीईथवर तो एकदाही आला नाही.

कारण साधं होतं. आधीची मांडणी ज्याने केली होती त्याने पोर्ट जोडताना एमटीयू १४५० दिली होती. ते कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. मुलाने हाताने जोडताना तो पर्याय दिला नाही, कारण त्याला तो कुणी सांगितलाच नव्हता. दोन्ही कंटेनर १५०० वर गेले. लिफाफा घातल्यावर १५५०. आणि ओपन व्हीस्विच बोगद्याच्या लिफाफ्यावर "तुकडे करू नये" असा शिक्का आपोआप मारतो. खऱ्या नेटवर्कची मर्यादा १५००. मोठं पॅकेट गेलं नाही. राउटर असता तर "पॅकेट मोठं आहे, लहान करा" असा निरोप परत आला असता. स्विचकडून तसा निरोप येईलच अशी खात्री धरता येत नाही.

दोन्ही कंटेनरची एमटीयू १४५० केली. कंटेनरच्या आतली सेवा पुन्हा सुरू केली. पीडीएफ उघडली.

तो पेशंट? त्याची काळजी आम्ही घेतली नाही, प्रयोगशाळेतल्या बाईंनी घेतली. मी बोगद्यात अडकलो होतो तेव्हाच त्यांनी यंत्रावरचा आकडा बघून डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवला, डॉक्टरांकडून परत म्हणवून घेतला आणि वहीत वेळ लिहिली. यंत्रणा दुरुस्त होईपर्यंत थांबायचं नसतं, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना भेटलो. सांगितलं की मुलाने काही बिघडवलं नाही. वीज जाऊन-येऊन टिकेल अशी मांडणीच नव्हती, आणि जी होती ती कागदावर नव्हती. वर दीड तास मी वाया घालवला. त्याच्यावर ठपका ठेवला असता तर चोर सोडून संन्याशाला फाशी झाली असती. मुलाचीही माफी मागितली. आता सर्व्हर सुरू होताना एक स्क्रिप्ट चालते, ती शिळी पोर्टं काढते आणि एमटीयूसह नवी जोडते. सात टप्प्यांची यादी रॅकच्या दाराला आतून चिकटवली आहे, त्याच्याच अक्षरात.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: एकाच बाजूची एमटीयू चुकली असती तर?

छान प्रश्न. टीसीपी जोडणी होताना दोन्ही बाजू "मला एवढा मोठा तुकडा चालेल" असं एकमेकांना सांगतात. एका बाजूने १४५० प्रमाणे सांगितलं असतं तर समोरच्याने त्याहून मोठं पाठवलं नसतं. टीसीपी वाचलं असतं. यूडीपी मात्र अडलं असतं, कारण तिथे असा करार होत नाही. आमच्याकडे दोन्ही बाजू चुकल्या म्हणून पीडीएफ अडली.

प्रश्न: मी ब्रिजमध्ये सर्व्हरचं खरं कार्ड जोडलं आणि माझं लॉगिनच तुटलं. का?

खरं कार्ड ब्रिजमध्ये गेलं की ते स्विचचं पोर्ट होतं. त्यावरचा आयपी पत्ता निरुपयोगी ठरतो. तो पत्ता ब्रिजच्या नावाच्या कार्डावर हलवावा लागतो. हे दूरून करायचं असेल तर सगळ्या आज्ञा एका ओळीत द्या, किंवा त्याहून बरं, स्क्रीनसमोर जाऊन करा. बसलेली फांदी तोडू नये.

प्रश्न: कंटेनर एकमेकांशी बोलतात, पण इंटरनेटवर जात नाहीत.

मग स्विच निर्दोष आहे. बाहेर जाताना सर्व्हर राउटरचं काम करतो. आयपी फॉरवर्डिंग चालू आहे का, नॅटचा नियम आहे का ते बघा. आणि २०१७ च्या सुरुवातीला आलेल्या १.१३ आवृत्तीपासून डॉकर आयपीटेबल्सच्या फॉरवर्ड साखळीचं धोरण "ड्रॉप" करतं. तुमच्या ब्रिजसाठी वेगळी परवानगी लिहावी लागते.

प्रश्न: कुबरनेटिसमध्ये हे सगळं उपयोगी पडतं का?

पडतं. ओव्हीएन किंवा अँट्रिया वापरत असाल तर खाली ओपन व्हीस्विचच आहे. वरचे थर वाढतात, पण खोली, तार, स्विच, बोगदा हा क्रम तोच. नियम मात्र तिथे शेकड्यांनी असतात, म्हणून डोळ्यांनी वाचत बसू नका, ट्रेस वापरा.

प्रश्न: घरी सराव कसा करायचा? सर्व्हर नाही.

कुठलाही जुना लॅपटॉप चालेल. लिनक्स टाका, ओपन व्हीस्विच बसवा, ते फुकट आहे. दोन नेमस्पेस करा, दोन व्हीईथ जोड्या करा, एका ब्रिजला जोडा, पिंग करा. मग मुद्दाम बिघडवा. एका पोर्टाला टॅग द्या. एक नेमस्पेस उडवा आणि शो मध्ये काय दिसतं ते बघा. ब्रिजवर टीसीपीडम्प लावून स्वतः फसा. मित्राला सांगा की माझ्या नकळत काहीतरी बिघडव, आणि मग शोधा. स्वतः बिघडवलेलं जो दुरुस्त करतो, तो रात्री अकराच्या फोनला घाबरत नाही.

एक शेवटचं. कधी असा फोन आला तर आधी यंत्राकडे धावू नका. जो माणूस तिथे उभा आहे त्याला विचारा, "तुला काय दिसतंय?" आणि त्याचं उत्तर पूर्ण ऐका. तो "पिंग होतंय" म्हणाला तर तोही पुरावाच आहे.

चहा बाहेर ठेवलाय.